डॉक्टर, तुम्ही फुकट औषध दिले नाही

डॉक्टर, तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडे झाले नाहीत आणि एवढ्या अवधीत साखरखेर्ड्याने तुमचा संत करून टाकला आहे. तुम्ही हयात असता तर ही गोष्ट मी तुम्हाला दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितली असती आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असता, "होऊ द्या ना गुरुजी, तुमाले काय त्रास आहे?" मला त्रास आहे. ज्या माणसाशी मी इतकी वर्षे भांडलो, तो माझ्या डोळ्यांदेखत दुसराच कोणी होऊन जावा, हे मी खपवून घेणार नाही. तुमच्याविषयी जे खोटे बोलले जात आहे, ते खोडून काढण्याचा अधिकार माझ्याइतका या गावात दुसऱ्या कोणाला नाही.

ग्रामपंचायतीपुढे शोकसभा भरली. सरपंच गहिवरून म्हणाले, "या माणसानं उभ्या जन्मात कोणाकडून काही घेतलं नाही. साऱ्या गावाले फुकट औषध देल्लं." लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "घेतले. प्रत्येकाकडून घेतले. तुमच्या खळ्यावरूनही घेतले."

सरपंचांनी हात जोडले. "गुरुजी, मेलेल्या माणसाचं चांगलं बोलाव म्हटलं तं तेही बोलू देत नाही तुमी."

"चांगले बोला. खोटे बोलू नका."

मागून कोणीतरी म्हणाले, "डॉक्टर गेले, आता भांडाले कोणी राह्यलं नाही, म्हणून गुरुजी आपल्यावर आले." सभा हसली. शोकसभेत हसू फुटले हे तुम्हाला आवडले असते. मी हसलो नाही. मात्र तो माणूस खोटे बोलला नाही, हे मान्य करतो.

फुकट हा शब्द तुमचा अपमान आहे. तुमचे वडील या गावचे वैद्य होते आणि सुताराला, लोहाराला खळ्यावरून जसा वाटा मिळे तसा त्यांनाही मिळे. तुम्ही नागपूरला जाऊन डॉक्टरकी शिकून आलात, तरी ती रीत मोडली नाही. जवारीची रास वाऱ्यावर उफणून, वारवून झाली की ती घरी जाण्याआधी तुमच्या दोन पायल्या बाजूला निघत. त्या वर्षी घरात कोणी आजारी पडले होते की नाही, हे कोणी विचारत नसे. ज्याने वर्षभर दवाखान्याचे तोंड पाहिले नाही त्याच्याही दोन पायल्या, आणि ज्याची बायको तीन महिने तुमच्या इंजेक्शनांवर जगली त्याच्याही दोनच. ज्याच्याकडे शेतच नाही तो सुगीत एक दिवस तुमच्या शेतात राबे. कोणाचाही वाटा तुम्ही सोडला नाही. यात दान कोठे आहे आणि उपकार कोणाचा कोणावर आहे, हे सरपंचांनी मला समजावून सांगावे.

मीही एके काळी ती रीत समजू शकलो नव्हतो, हे येथे लिहिले पाहिजे. तुम्ही नवे नवे आला होता, तेव्हा एका खळ्यावर मी तुम्हाला पोते धरून उभे असलेले पाहिले. माझ्या तोंडून निघून गेले, "डॉक्टर, एवढे शिकून शेवटी धान्य मागायलाच उभे राहिलात?"

तुम्ही पोत्याचे तोंड वळवत शांतपणे म्हणालात, "मागत नाही गुरुजी, नेतो. मागणारा रास घरी गेल्यावर येते. मी रास मोजाच्या आधी येतो."

त्या दिवसापासून तुम्ही मला आवडू लागलात आणि त्याच दिवसापासून आपले भांडणही सुरू झाले.

भांडणाचा विषय तोच राहिला. संध्याकाळी दवाखाना आवरला की तुम्ही सुया उकळायला ठेवत आणि मी बाकावर बसे. तुमचे म्हणणे असे की खळेवाल्यांची सोय आहे, पण ज्यांना खळे नाही आणि पगार आहे, त्यांची काहीच सोय नाही. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमास्तर, सोसायटीचा सेक्रेटरी. अशी वीस-बावीस घरे गावात होती. ती तुमच्याकडे आजाराप्रमाणे फी देऊन येत. म्हणजे बहुधा येतच नसत. महिनाअखेर ताप आला तर काढा पीत आणि पहिल्या तारखेपर्यंत अंगावर काढत. शेतकऱ्याचे पोर शिंकले तरी त्याची आई त्याला उचलून तुमच्या दारात आणी, कारण तिचा वाटा आधीच पोहोचलेला असे. आम्ही पांढरपेशे मात्र दारावरून मान वळवून जात असू. तुमचा आग्रह होता की या घरांनीही दरमहा थोडा वाटा द्यावा, आणि तो सर्वांवर सक्तीचा असावा.

वाटा मला मान्य होता. सक्ती मान्य नव्हती. मी म्हणत असे, "शेतकऱ्याची रीत पिढ्यांची आहे, तिला त्याने संमती दिलेलीच आहे. आम्ही शिकलेले, सज्ञान लोक आहोत. आमच्या प्रकृतीची काळजी आम्ही कशी घ्यावी, हे आम्हाला कोणी हुकमाने सांगू नये. सरकारनेही नाही आणि डॉक्टरनेही नाही."

"तुमच्या पगारातून फंड कापते ना सरकार?"

"तो म्हातारपणासाठी."

"आन् विम्याचा हप्ता?"

"तो मी स्वखुशीने भरतो. मुलाबाळांसाठी."

"म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, मेल्यावरची झाली. मधात जे जगनं आहे त्याची सोय कराले काऊन जड जाते तुमाले?"

मी उत्तर दिले होते. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते चांगले नसावे. माझी चांगली उत्तरे मला आठवतात.

येथे दुसरी थाप खोडतो. सध्याच्या मुख्याध्यापकांनी त्याच शोकसभेत माझी स्तुती केली. ते म्हणाले, "गुरुजींनी तत्त्वासाठी डॉक्टरांची सक्ती हाणून पाडली आणि डॉक्टरांनीही मोठ्या मनाने गुरुजींचे म्हणणे मान्य केले." तुम्ही काहीही मान्य केले नव्हते. शाळेच्या मोठ्या वर्गात पगारदारांची बैठक झाली. मी पाऊण तास बोललो, उत्तम बोललो, आणि ज्याला वाटेल त्याने नाव द्यावे असे ठरले. तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होता. आठवड्याने यादी तयार झाली. पोस्टमास्तरांना दमा होता. तलाठ्याच्या आईच्या पायांवर सूज होती. सेक्रेटरीला मधुमेह होता, आणि आणखी जे तिघे होते त्यांच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले होते. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "गुरुजी, तुमच्या खुशीच्या यादीत एकही धडधाकट माणूस नाही. हे यादी नाही, हा वॉर्ड होय."

वर्षभर तुम्ही तो वॉर्ड सांभाळलात. पुढल्या वर्षी तुम्ही स्वतःच तो बंद केलात, कारण सहा आजारी घरांचा वाटा सहा आजारी घरांच्या औषधालाही पुरला नाही. "खळ्यावर ज्याचं पोट दुखते त्यानंच जवारी टाकली असती," तुम्ही म्हणालात, "तं माया बाप कवाच गाव सोडून गेला असता." पुढे तुम्ही तो विषय काढला नाही. मुख्याध्यापकांना तुमचे हे गप्प बसणे संमतीसारखे वाटत असेल, तर त्यांनी तुमच्या शेजारी बसून ते ऐकायला हवे होते.

त्या यादीत माझे नाव नव्हते. मी धडधाकट होतो. आणि माझे नव्हते म्हणून आणखी एकाचे नव्हते.

मी तेव्हा शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि पुंडलिक मास्तर आमच्याकडे कवायत शिकवत. वय तिशीच्या आत, बायको कमल, कडेवर एक मुलगी. अंगाने असा की मैदानावर उभा राहिला की मुले आपोआप सरळ होत. बैठकीनंतर तो माझ्याजवळ आला होता आणि त्याने विचारले होते, "गुरुजी, तुमी देऊन राह्यले काय नाव?" मी म्हणालो, "मला गरज वाटत नाही." तो म्हणाला, "हाव, मंग मले तरी कायची?" आणि आम्ही दोघे हसलो.

त्याला ताप आला तेव्हा त्याने तो लपवला. याचे कारण पैसा नव्हते, डॉक्टर. तुम्ही त्याच्याकडून त्या दिवशी काही मागितले नसते हे त्यालाही माहीत होते. कारण हे होते की ज्या वाट्यात आपण सामील झालो नाही, तो मागणाऱ्या डॉक्टरांच्या दारात आता आजारी होऊन कसे जावे. खळेवाल्यांना अशी लाज कधी वाटत नाही, आम्हाला वाटते. तो तापात कवायत घेत राहिला. मधल्या सुट्टीत आमच्या पंगतीला बसून भाकरी खात राहिला, कारण डबा परत नेला असता तर कोणीतरी विचारले असते. मी त्याच पंगतीत होतो. त्याचे गाल लाल पाहून मी म्हणालो होतो, "उन्हात तुमची प्रकृती खुलते मास्तर."

तुमच्यापुढे त्याला आणले तेव्हा तो मुदतीचा ताप, टायफॉइड, होता आणि त्याचे पोट फळीसारखे ताठ झाले होते. तुम्ही हात लावलात आणि वर पाहिले नाही. सरकीचा ट्रक जालन्याला निघाला होता, त्यात त्याला घातले. तुम्ही त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. सिंदखेडच्या अलीकडेच ट्रक परत वळवावा लागला.

त्याच्या शोकसभेत मी बोललो. रस्त्याविषयी बोललो. खड्ड्यांमुळे ट्रक चालेना, वेळ गेला, एक तरुण शिक्षक गेला. मी जिल्हा परिषदेला अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या, बुलढाण्याला खेटे घातले. रस्ता झाला. आजही लोक मला त्या रस्त्याचे श्रेय देतात आणि आजवर मी ते घेत आलो आहे. तुम्हीही त्या अर्जावर सही केली होती. सही करून तुम्ही टाक खाली ठेवलात आणि म्हणालात, "रस्ता होईल गुरुजी, बरं होईल. पण तो माणूस अकरा दिवस गावातच होता."

एवढेच. पुन्हा कधीही नाही. तुमच्या हातात माझ्यावर टाकता येईल असे एक वाक्य होते, आणि त्यानंतर इतक्या संध्याकाळी आपण इतक्या विषयांवर वाद घातला, मी तुम्हाला दहा वेळा हरवले, तरी तुम्ही ते वाक्य पुन्हा उचलले नाही. मी वाट पाहत असे. तुम्ही ते बोलला असता तर मला उत्तर देता आले असते. तुम्ही बोलला नाही, म्हणून मला फक्त जगावे लागले.

तुमच्याविषयीची कृतज्ञताही येथेच लिहून टाकतो, कारण ती मला तोंडावर बोलता आली नसती. माझ्या पत्नीला छातीचा विकार जडला तेव्हा तुम्ही बावीस दिवस रोज सायकलवरून आलात. बरी झाल्यावर मी फी विचारली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "गुरुजी, तुमच्याकडून काय घ्यायचे?" तुम्ही आकडा सांगितलात, पूर्ण सांगितलात, आणि मी तो दिला. ती बाजेवरून म्हणाली होती, "डॉक्टर, थोडं कमी करा, तुमचे दोस्त आहेत." तुम्ही म्हणालात, "वयनी, दोस्त आहेत म्हणूनच तं पुरे घेतले. कमी घेतले असते तं उद्या भांडाले आले नसते." तुमच्याइतके मला कोणी ओळखले नाही.

आता या आठवड्याचे सांगतो. तुमच्या जागी येण्यास एक तरुण डॉक्टर तयार आहे. त्याचे पत्र आले. त्यात त्याने सरळ विचारले आहे की गावची दरसालच्या वाट्याची रीत चालू राहणार का, आणि पगारदार घरे तीत येणार का. तसे नसेल तर तो मलकापूरला रेल्वेच्या गावी दवाखाना घालील. आणि गाव तर म्हणू लागले होते की डॉक्टर फुकटच द्यायचे, आम्ही श्रद्धेने दोन पायल्या टाकायचो. श्रद्धा तुमच्याबरोबर गेली, म्हणजे जवारीही गेली. सरपंचांच्या त्या गोड भाषणाची किंमत ही एवढी होती. खळेवाल्यांना मी दोन दिवसांत ताळ्यावर आणले. त्यासाठी मला कोणाचेही मन वळवावे लागले नाही, फक्त त्यांच्या बायकांशी बोलावे लागले; आजारी पोर उचलून दवाखान्यात त्याच येतात. राहिले पगारदार. पुन्हा शाळेच्या त्याच वर्गात बैठक बोलावली. ठराव मीच लिहिला: गावात राहणाऱ्या प्रत्येक पगारदार व निवृत्त माणसाचा वाटा दरमहा कापला जाईल, वगळण्याची मुभा कोणालाही नाही, एकाचीही सही राहिली तर ठराव रद्द.

दत्तात्रय जाधव उठला. माझाच विद्यार्थी, आता शिक्षक. बोलण्यात तरबेज, कारण बोलायला मीच शिकवले आहे. तो म्हणाला, "आम्ही शिकलेले, सज्ञान लोक आहोत. आमच्या प्रकृतीची काळजी आम्ही कशी घ्यावी, हे आम्हाला कोणी हुकमाने सांगू नये." शब्द न् शब्द माझा होता. मधल्या काळात तो शाळेत तोंडपाठ झाला असावा. मग त्याने विचारले, "गुरुजी, त्या वेळी तुम्ही स्वतः विरोध केला होता. आता असे काय झाले?"

कमलबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. पुंडलिक गेल्यावर त्या शिकल्या, परीक्षा दिली, आणि आता कन्याशाळेत शिकवतात. त्यांच्यासमोर मला हे बोलायचे नव्हते. पण दुसरे खरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी म्हणालो, "पुंडलिक मास्तर रस्त्यामुळे गेले नाहीत. त्यांनी यादीत नाव दिले नाही, कारण मी दिले नव्हते. म्हणून ते अकरा दिवस डॉक्टरांकडे गेले नाहीत. रस्त्याची गोष्ट मी रचली."

मी कमलबाईंकडे पाहिले नाही, तरी उत्तर त्यांच्याकडूनच आले.

"मले ठाऊक होतं, गुरुजी."

मी वळलो.

"त्यायनं त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं होतं. हेडमास्तर नाही, तं मी काऊन? मी म्हटलं, हेडमास्तराचं वय झालं, तुमची पोरगी लहान आहे." त्या पुढे म्हणाल्या, "तुमी रस्त्यासाठी एवढे हिंडले, म्हणून मी कधी बोलली नाही. रस्ता तं झाला पाहिजेच होता."

डॉक्टर, म्हणजे तुम्ही एकटेच नव्हता. दोन माणसांनी मला इतकी वर्षे सांभाळून घेतले, आणि मला वाटत होते की गावाला मी सांभाळतो आहे.

दत्तात्रयने खाली पाहिले. पण तो हट्टी आहे, तेही माझ्याच वळणावर गेलेले. "बाई, मी तुमच्या दुःखाचा मान ठेवतो. पण मी ठणठणीत आहे. मी काऊन भरू?"

"ठणठणीत आहेस म्हणूनच तं पाहिजेस बापा," कमलबाई म्हणाल्या. "आजारी लोकायच्या सह्या तं बैठकीच्या आधीच झाल्या. पाह्य ना कागद."

लोक हसले. त्याने कागद पाहिला. खरेच झाल्या होत्या.

आपण जिंकलो असे तुम्हाला वाटू नये म्हणून स्पष्ट लिहितो. सज्ञान माणसावर सक्ती करणे हा त्याचा अपमान आहे, हे माझे मत कायम आहे. फक्त तो अपमान सर्वांनी मिळून सोसला तर कोणा एकट्याला आजारपणाची लाज सोसावी लागत नाही, एवढे मी त्यात जोडले आहे. हे जोडायला मला एक माणूस गमवावा लागला. तुम्हाला एक खळे पुरले होते. यावर आपण पुढे बोललो असतो, आणि मी तुम्हाला सहज सोडले नसते.

दत्तात्रयने शेवटी टाक उचलला आणि म्हणाला, "सही करतो, पण मनाविरुद्ध करतो. तसे लिहा."

मी त्याच्या नावापुढे कंसात "मनाविरुद्ध" असे लिहिले. मग कागद माझ्याकडे ओढला, माझी सही केली आणि तिच्यापुढेही तोच शब्द लिहिला. कमलबाईंनी तो वाचला आणि विचारले, "असं लिहिलेलं चालते काय, गुरुजी?" मी म्हटले, "चालते. वाटा दोघांचाही कापला जाईल."